चेंडूत भरलेली भीती

मर्गिलान शहरातल्या त्या गल्लीतून आजवर पुष्कळ काय काय पळालं होतं. कोंबड्या पळाल्या, मेंढे पळाले, एकदा तर म्हणे खांद्यावर नवा झगा घेतलेला नवरदेवसुद्धा पळाला. पण एवढा मोठा निळा चेंडू कधी कुणी पळताना पाहिला नव्हता.

चेंडू सनोबरचा. म्हणजे तिच्या व्यायामाच्या वर्गातला, बसायचा, गुबगुबीत, सरड्यांच्या राजाने अंडं घातलं तर एवढं होईल असा. तिचा हवा भरायचा पंप मोडला होता, म्हणून सायकलवाल्याकडून हवा भरून आणत होती. दोन्ही हातांनी चेंडूला कवटाळलेलं, समोरचं काही दिसेना. तेवढ्यात भुरभुर पाऊस आला, डोक्यावरचा रुमाल डोळ्यांवर सरकला, तो सारखा करायला तिने एक हात काढला... आणि गेला चेंडू.

नानच्या तंदूरपुढून गेला. खरबुजांच्या ढिगावर टप्पा खाऊन उडाला. एक गाढव रेंकायला तोंड उघडून बसलं होतं, ते चेंडू बघून तसंच उघड्या तोंडाने राहिलं. मागून सनोबर धावतेय, "धरा, अहो धरा," म्हणतेय, आणि लोक चहाचे पियाले उचलून वाट देतायत. शेवटी चहाखान्यासमोर, तुतीच्या झाडाखाली, काठी टेकत चाललेला एक तरुण होता, त्याच्या गुडघ्यांच्या मागे चेंडू जाऊन थडकला. आणि तो माणूस चेंडूवर बसला. असा बसला, जसा खान तख्तावर.

लोक हसले. सनोबरही हसणार होती... पण त्याचा चेहरा बघितला तर पांढराफटक, चुन्यासारखा. काठी पडली होती आणि त्याच्या मुठीत सनोबरची बाही होती.

"सोडू नका," तो म्हणाला. "मेहेरबानी करून... सोडू नका."

"अहो, जमीन गुडघाभर खाली आहे," ती म्हणाली. "पडलात तरी पायांवरच पडाल."

असं म्हणून तिने त्याच्याकडे नीट बघितलं. हा चेहरा तिने एकदा पाहिला होता. उलटा. आभाळातून खाली येताना.

सप्टेंबरात कापसाच्या मेळ्याला, मोठ्या चौकात वरून चालायचा दोर लागला होता. उंच, इतका उंच की दोरावरच्याला म्हणे ढगातला ओलावा लागायचा. सनोबर गर्दीत उभी होती. आधी टोपी पडली. काळी, पांढऱ्या मिरच्यांची नक्षी भरलेली टोपी, गिरक्या घेत, सावकाश. लोकांना वाटलं खेळच आहे, हसले. आणि मग... तिने डोळे मिटले. पण कानांना पापण्या कुठे असतात? त्या दिवसापासून चौक ओलांडताना सनोबर खाली बघून चालायची. घरातला दिवा गेला तर तो बदलायला शेजारणीला बोलवायची. स्टुलावर चढणंसुद्धा तिने सोडलं होतं.

"तुम्ही तर... दोरबाज," ती म्हणाली.

"होतो," तो म्हणाला. "आता चेंडूबाज. बाही सोडवून घेऊ नका, अजून उठलो नाही मी."

त्याचं नाव तुल्किन. मर्गिलानच्या दोरबाजांच्या घरातला. त्याचा आजा वाऱ्यात दोरावर मांडी घालून नान खायचा असं सांगतात. मी ऐकलंय की वरून ओरडून चहाही मागवायचा, आणि थंड झाला तर परत पाठवायचा. अशा घरातला मुलगा गुडघाभर उंचीवर थरथरत होता, आणि त्याचं थरथरणं बाहीतून सनोबरच्या दंडात येत होतं.

---

रेशमाच्या जुन्या कारखान्यात पूर्वी कोश वाळवायची एक लांब खोली होती. तिथे सनोबरचा वर्ग चालायचा. बायका यायच्या: कुणाची कंबर, कुणाचा गुडघा, कुणाचं बाळंतपणानंतर सुटलेलं पोट. रंगीत चेंडूंवर बसून हळूहळू डुलायच्या, तोल सांभाळायच्या आणि सुनांबद्दल बोलायच्या. त्यांच्यातच मुक्तबर खाला, म्हणजे सगळ्यांची मावशी, होत्या. अंगाने भरलेल्या, तोंडाने त्याहून भरलेल्या.

पुढच्या आठवड्यात वर्ग संपल्यावर खाला गेल्या नाहीत. दाराकडे बोट करून म्हणाल्या, "सनोबरजान, तो बाहेर उभाय तो माझा मुलगा. हाड जुळलंय, पण पाऊल जुळत नाही. जरा बघशील?"

बाहेर काठी टेकून तुल्किन उभा होता. सनोबरच्या हातातला रुमाल खाली पडला. भीतीने की दुसऱ्या कशाने, ते रुमालाला तरी कुठे कळतं.

मग रोज बायका गेल्या की तो यायचा. खाला दारापाशी खुर्ची टाकून बसायच्या, लोक नावं ठेवायला नकोत म्हणून. डोळे मिटून सूर्यफुलाच्या बिया सोलायच्या. झोपलेय असं दाखवायच्या, पण सोलण्याचा टकटक आवाज थांबायचा नाही. झोप किती खरी ते तुम्हीच समजा.

"बसा," सनोबर म्हणायची. "पायांत कंबरेएवढं अंतर. गुडघे बरोबर घोट्यांवर. बेंबी आत, पाठीला चिकटवायचीय असं समजा. खांदे खाली. आणि श्वास..."

"तो कुठे चिकटवू, उस्ताद?"

"तो सोडा."

पण श्वासच तो सोडायचा नाही. चेंडूवर बसला रे बसला की छाती लाकडासारखी. तोंड बिटासारखं लाल. मग पाय थरथरायचे, चेंडू खालून निसटायचा, आणि तो जमिनीवर. सनोबरने चेंडूतली बरीच हवा काढून टाकली. नव्या माणसाला चेंडू मऊ हवा. मऊ चेंडू बसल्यावर पसरतो, धरून ठेवतो. तरीही तेच.

"तुल्किन आका, श्वास का धरता?"

"आका म्हणू नका. थोरला दादा म्हटलं की म्हातारा झाल्यासारखं वाटतं."

"विचारलं त्याचं उत्तर द्या."

तो जमिनीवर बसूनच राहिला. चेंडूला पाठ टेकून. मग हळू आवाजात सांगायला लागला.

"दोरावर चाललेल्याशी खालून कुणीतरी बोलत असतं. आमच्या घरात हाशिम मामा. फाटका झगा घालून गर्दीत उभा राहतो आणि मला शिव्या देतो. 'अरे तुझी नाडी सुटली रे,' 'अरे खाली तुझी म्हैस व्यायली.' लोक हसतात. मी वरून उत्तर देतो. तुम्हाला वाटतं, लोकांना हसवायला आहे. तसं नाही. बोलणारा माणूस श्वास धरू शकत नाही, म्हणून आहे ते. आणि दोरावरच्याला अहो-जाहो कुणी करत नाही. म्हाताऱ्यालासुद्धा अरे. अहो म्हणेपर्यंत माणूस खाली यायचा."

"मग त्या दिवशी?"

"चढण्याआधी घरच्या बाईला विचारायचं असतं. राजी आहेस का? लग्न झालेला बायकोला विचारतो, नाहीतर आईला. ती 'राजी' म्हणाली की पाय दोरावर. त्या सकाळी आईशी भांडण झालं होतं. क्षुल्लक, मीठ जास्त की कमी असलं. मी तोऱ्यात होतो. विचारलं नाही. तसाच चढलो." त्याने फरशीवरची धूळ बोटाने सारली. "खाली आई गर्दीत पाठ फिरवून उभी राहिली. हाशिम मामाने तिला बघितलं, बहीण रडतेय, आणि त्याचा विनोद घशात अडकला. तो गप्प झाला. वर मला नुसता वारा ऐकू आला, उस्ताद. खाली कुणीच नाही असं वाटलं. श्वास आपोआप धरला गेला. मग..."

दारापाशी बिया सोलायचा आवाज बंद झाला होता.

सनोबर उठली. चेंडू उचलला, त्याच्या मागे ठेवला. "बसा," म्हणाली. "आणि आता मी बोलत राहीन. तुम्ही उत्तर द्यायचं. आज काय जेवलात?"

"लग्मान."

"शेवया जाड होत्या की बारीक?"

"जाड. आईचा हात..."

"आईच्या हाताला काय झालंय?" दारातून आवाज आला, डोळे मिटलेलेच.

तुल्किन हसला. हसताना श्वास सुटला. आणि चेंडू पहिल्यांदा जागेवर राहिला.

---

हिवाळाभर हे असंच चाललं. बाहेर पाटांतलं पाणी गोठलं, तुतीवर बर्फ बसला, आणि आत सनोबरची जीभ थांबेना. एवढं ती जन्मात बोलली नव्हती. मावशीच्या बकरीपासून बादशहाच्या मुलीपर्यंत सगळं सांगून झालं. सांगायला काही उरलं नाही तेव्हा ती बनवायला लागली, आणि बनवलेलं जास्त चांगलं निघालं.

तुल्किन आधी एक पाय उचलायला शिकला. मग पाठीवर झोपून टाचा चेंडूवर ठेवून कंबर उचलायला. मग कोपरं चेंडूवर टेकून अंग फळीसारखं ताठ धरायला. काठी कोपऱ्यात गेली ती तिथेच राहिली; खालांनी तिच्यावर झगा वाळत घातला.

आणि एक दिवस तो चेंडूवर गुडघ्यांवर उभा राहायला लागला. हे सगळ्यात अवघड. सनोबर शेजारी उभी, तिचा हात त्याच्या कोपराखाली, पण लागत नाही. मध्ये एक बोटभर हवा.

"हात लावत का नाही?" तो म्हणाला. नजर समोर भिंतीवर, पण बोलणं इकडे.

"पडलात तर लावीन."

"मग पडतो."

"पडायची थट्टा नको." तिचा आवाज एकदम वेगळाच आला. तो वळून बघायला गेला आणि खरंच घसरला, आणि तिने खरंच धरलं, दोन्ही हातांनी. जरा जास्त वेळ धरलं. त्याच्या शर्टाला धुराचा आणि जिऱ्याचा वास होता. बिया सोलायचा आवाज मुद्दाम जोरात यायला लागला.

त्या दिवशी घरी जाताना सनोबरला कळलं की आपण संपलो. आवडतो, एवढंच असतं तर बरं होतं. पण ज्या दिवशी तो बरा होईल, त्या दिवशी तो वर जाईल, आणि त्याला बरं करणारे हात आपलेच आहेत... हे कुणाला सांगणार?

बर्फ वितळला. पाट वाहायला लागले, जर्दाळूच्या फांद्या गुलाबी झाल्या. तुल्किन आता खिडकीतून तुतीच्या शेंड्याकडे बघायचा. बघता बघता म्हणाला, "नवरोजला दोर लागणार. त्याच चौकात."

"असं?" ती म्हणाली. हातातला रुमाल पिळत राहिली, कोरडा असूनही.

रात्री स्वप्नात टोपी पडायची. गिरक्या घेत, सावकाश. ती उठून बसायची तेव्हा टोपी अर्ध्यावरच असायची, आणि दिवसभर तशीच डोळ्यांपुढे लोंबकळत राहायची.

मग एका सकाळी मुक्तबर खाला वर्गाच्या आधीच आल्या. चेंडूवर बसल्या, डुलल्या नाहीत.

"मुली, मी त्याला तुझ्याकडे दोरासाठी नाही आणला. दोर विसरावा म्हणून आणला. चांगली मुलगी, गोड बोलणारी. म्हटलं वर बघायचं सोडून समोर बघेल." त्यांनी डोळे पुसले. "माझ्या नवऱ्याला मी राजी म्हणत आले. मुलाला म्हणत आले. एकदाच म्हणायचं राहिलं, तर बघ काय झालं. आता 'राजी' म्हणायची भीती, आणि 'नाही' म्हणायची त्याहून भीती. तू सांग त्याला. जमत नाही म्हण. तुझं ऐकेल तो."

सनोबर हो म्हणाली नाही. नाहीही म्हणाली नाही. पण दुपारी चेंडू घेऊन सायकलवाल्याकडे गेली.

"थोडी अजून भरा."

"भरली की," सायकलवाला म्हणाला.

"अजून."

चेंडू जितका घट्ट, तितका अवखळ. मऊ चेंडू बसणाऱ्याला कुशीत घेतो. घट्ट चेंडू फेकून देतो. त्या दिवशी तुल्किन गुडघ्यांवर उभा राहिला आणि लगेच घसरला. पुन्हा चढला, पुन्हा घसरला. चेंडूकडे बघितलं. तिच्याकडे बघितलं.

"अजून नाही," सनोबर म्हणाली. चेहरा शक्य तितका उस्तादासारखा करून.

"अजून नाही?"

"अजून नाही."

"बरं," तो म्हणाला, आणि कशाला कोण जाणे, गालातल्या गालात हसला.

चार दिवसांत तो त्याही चेंडूवर स्थिर झाला. सनोबर पुन्हा सायकलवाल्याकडे. तो पुन्हा स्थिर. ही पुन्हा पंपापाशी. बायका त्या चेंडूवर बसेनात. बोटाने टिचकी मारली तर डफासारखा वाजायचा. शेजारच्या मांजरीने त्यावर उडी मारली ती म्हणे थेट दूरच्या कोकंद शहरात उतरली. मांजर काही परत आली नाही, तेव्हा खोटं आहे असं तरी कसं म्हणायचं.

"फुटेल हं एक दिवस," सायकलवाला म्हणाला.

"फुटू दे," सनोबर म्हणाली, आणि स्वतःच्याच आवाजाला घाबरली.

---

नवरोज तोंडावर आला होता. दुपारची उन्हं लांब खोलीत तिरपी पडलेली. तुल्किन त्या दगडासारख्या चेंडूवर गुडघ्यांवर उभा, हात पसरलेले, डोळे मिटलेले. आणि हलत नव्हता. पानसुद्धा एवढं स्थिर नसतं.

"आज किती भरलीत?" त्याने विचारलं.

"काय?"

"हवा."

सनोबर खिडकीकडे वळली. दारापाशीची टकटक थांबली.

"माझे पाय दोराचा ताण ओळखतात, उस्ताद. मामाने पहाटे दव पडण्याआधी दोर ओढला की नंतर, ते मला तळव्याला कळतं. चेंडूचं नाही कळणार?" त्याने डोळे उघडले, पण उतरला नाही. "पहिल्याच दिवशी कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"म्हटलं, कुणीतरी मला इथे ठेवून घ्यायला एवढी मेहनत करतंय. उगाच का मोडता घालू?"

"हसू नका," ती म्हणाली, आणि तिला रडूच आलं. "हसू नका हो. मी तिथे होते. सप्टेंबरात. आधी टोपी पडली. मला अजून ती टोपी पडताना दिसते. चहा पिताना दिसते. तुमच्याशी बोलतानासुद्धा दिसते. तुम्ही बरे होत होतात आणि मला... मला वाटायचं मीच शिडी धरून उभी आहे."

तो सावकाश खाली उतरला. समोर उभा राहिला. हसणं गेलं होतं.

"मलाही भीती वाटते," तो म्हणाला. "रोज. पण पडायची नाही वाटत. वर गेलो आणि खाली कुणी बोललं नाही तर, याची वाटते. मामाच्या घशातून त्या दिवसापासून एक विनोद निघालेला नाही, माहितीय?" मग कोपऱ्यातल्या काठीकडे बघून, "तुम्ही नको म्हणालात तर नाही चढणार. तुतीखाली बसेन, चहा पिईन, पोट सुटेल. मग तुम्ही एक दिवस विचाराल, हा कोण बसलाय. आणि मीही तेच विचारेन. पण नको म्हणा, आणि नाही चढणार. शब्द देतो."

"मला विचारू नका," सनोबर म्हणाली. "दुसरं काहीही विचारा."

आणि ती पळाली. त्या गल्लीतून पळालेल्यांत आणखी एकीची भर पडली.

---

नवरोजच्या सकाळी चौकात अंकुरलेल्या गव्हाच्या खिरीच्या, सुमलकच्या कढया उकळत होत्या, लांबलचक कर्णे वाजत होते. कर्ण्याचा आवाज म्हणजे दोर लागल्याची वर्दी. सनोबर गेली नाही. वर्गाच्या खोलीत येऊन दार लावून बसली. कर्णा भिंतीतून येत होता.

बसायला जवळ तोच चेंडू होता. ती बसली, आणि चेंडूने तिला फेकलं. सरळ पाठीवर. खाली आपटली, दात वाजले, आणि ती तशीच पडून राहिली, छताकडे बघत.

छत उंच होतं. सप्टेंबरापासून ती पहिल्यांदा वर बघत होती. कोळ्याचं एक जाळं, त्याच्या एका तारेवरून कोळी निघाला होता, आपला निवांत. पाठ दुखत होती, पण बाकी काही झालं नव्हतं. पडायला क्षण लागला. पडण्याची वाट बघायला तिने आख्खा हिवाळा घालवला होता. आणि तो तिथे वर जाईल, नाहीतर जाणार नाही, पण आत्ता या घटकेला त्याच्याशी बोलायला खाली कोण आहे?

ती उठली. चेंडू उचलला आणि निघाली.

चौकात गर्दीने तिला वाट दिली. एवढा चेंडू घेऊन येणाऱ्या बाईला वाट देणार नाही तर काय करणार. दोराच्या खांबापाशी तुल्किन उभा होता, तोलाची लांब काठी हातात, डोक्यावर तीच टोपी. समोर मुक्तबर खाला. त्याने नुकतंच आईला विचारलं होतं, आणि चौक गप्प होता.

खालांनी चेंडू येताना बघितला. चेंडूमागे सनोबर बघितली. आणि सावकाश एक पाऊल बाजूला झाल्या.

"मला नको विचारू, पोरा," त्या म्हणाल्या. "माझं विचारून झालं. आता तिला विचार."

चौकभर कुजबुज वाऱ्यासारखी गेली. कारण दोरबाज आईनंतर 'राजी' कुणाला विचारतो, ते मर्गिलानच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. तुल्किनचे कान लाल झाले. टोपीखालून दिसत होते.

"सनोबर," तो म्हणाला. उस्ताद नाही म्हणाला. "राजी?"

तिने चेंडू त्याच्या पुढ्यात ठेवला.

"आधी बसा."

गर्दी हसली. तो बसला, त्या दगडावर. पाय उचलले. काठी मांडीवर आडवी. सनोबर हसली नाही. ती त्याच्या फासळ्यांकडे बघत होती. वर... खाली. वर... खाली. श्वास चालू होता.

"राजी," ती म्हणाली. उंदराच्या आवाजात.

"ऐकू नाही आलं," हाशिम मामा कानाला हात लावून म्हणाला.

"राजी म्हटलं ना," ती ओरडली. मग खालांचा हात घट्ट धरला, की खालांनी तिचा, ते कळलं नाही.

तुल्किन चढला. दोर करकरला. पाऊल, मग पाऊल. सनोबरने ठरवलं होतं डोळे मिटायचे नाहीत. खाली हाशिम मामाने फाटका झगा झटकला, तोंड उघडलं... आणि नुसती हवा बाहेर आली. पुन्हा उघडलं. ओठ हलले, आवाज नाही. डोळ्यांतून पाणी.

वर तुल्किन मध्यावर थांबला. बरोबर त्याच जागी. चौकात सुमलकची कढई बुडबुडत होती ती ऐकू यावी, इतकं गप्प. सनोबरने त्याची पाठ बघितली. हिवाळाभर बघितलेली पाठ. खांदे कानाला भिडले होते. फासळ्या हलत नव्हत्या.

"बेंबी आत," ती ओरडली.

गर्दीने वळून बघितलं. वर काठीचं एक टोक थरथरलं.

"बेंबी आत, तुल्किन. ऐकतोस का?"

"आहे," वरून आवाज आला. घोगरा.

"खांदे खाली घे. कानात घातलेस तर मी काय बोलते ते ऐकणार कसा?"

"घेतले."

"श्वास कुठे ठेवलायस?"

जरासा थांबून, "तुझ्याकडे."

"मग परत घे लवकर. मला माझाच सांभाळताना जीव नकोसा झालाय, तुझा कुठे ठेवू?"

चौक हसला. धोऽऽ करून हसला, आणि वर फासळ्या हलल्या. तिने पाहिलं. एक पाऊल पडलं. दुसरं पडलं.

"आज काय जेवलास?"

"काही नाही. भीतीने गेलं नाही."

"मलाही नाही गेलं. चल, पाऊल टाक, उतरलास की लग्मान खाऊ. शेवया जाड की बारीक?"

"आई उभीय ना तिथे?"

"उभीय."

"मग जाड."

"बघते तुला," खाला खालून म्हणाल्या, आणि हाशिम मामाचा घसा एकदम मोकळा झाला. तो ओरडला, "अरे तुझी नाडी सुटली रे." गर्दी पोट धरून हसायला लागली. आणि त्या हसण्यात, पार पलीकडच्या खांबाजवळ, वाऱ्याची एक झुळूक आली.

टोपी पडली.

काळी, पांढऱ्या मिरच्या भरलेली, गिरक्या घेत, सावकाश. हसणं जागच्या जागी गोठलं. खालांची नखं तिच्या हातात रुतली. डोळे मिटत होते, आपोआप मिटत होते, आणि तिने ते दातओठ खाऊन उघडे ठेवले. टोपी तिच्याकडेच येत होती. ती तिने पडू दिली. वर बघितलं.

तो तिथेच होता. दोरावर. उघड्या डोक्याने, केस वाऱ्यावर.

"टोपी वाऱ्याने गेली की तू टाकलीस?" ती ओरडली. आवाज फाटला होता.

"तुला काय समजायचं ते समज," वरून आलं. "पण पाहिलंस ना? टोपी पडली तरी माणूस राहतो. आता उतरू?"

तो खांबावरून उतरला तेव्हा लोकांनी त्याला उचलायच्या आधी त्याचे गुडघे लटपटले. दोरावर नाही लटपटले ते जमिनीवर लटपटले. तो निळ्या चेंडूवर मटकन बसला, आणि सनोबरने त्याची बाही पकडली. मूठ इतकी घट्ट की बोटं पांढरी पडली. मामाने टोपी उचलून आणली, फुंकर मारून तिची धूळ झटकली, आणि त्याच्या नाही, तिच्या डोक्यावर ठेवली. कर्णे वाजायला लागले. खाला रडत होत्या आणि शेजारणीला सांगत होत्या की धुरामुळे.

भीती त्या दिवशी गेली असं मी म्हणणार नाही. भीती अशी जात नसते, ती फार तर बोलायला शिकते. पुढे कितीतरी वर्षं, जिथे दोर लागेल तिथे एक बाई खालून ओरडताना लोकांनी ऐकली: बेंबी आत, खांदे खाली. लहान मुलांना वाटायचं तो मंत्र आहे.

पण त्या नवरोजला, चौकाच्या मध्यभागी, तुल्किन चेंडूवर बसून हळूच म्हणाला, "सोड की आता. जमिनीवर आलोय मी."

"अजून नाही," सनोबर म्हणाली.